मुंगीला पैकीच्या पैकी

सोमवार, ६ जानेवारी

आज माझ्या कापडाच्या कात्रीने कुणीतरी कागद कापला.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि मग पुन्हा बसले. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी जन्मात कधी शिवण केलेली नाही, आणि त्यांच्याशी मला काही बोलायचं नाही. कागदाला लागलेली कात्री पुढे कापड कापत नाही, चावते. मी तिला कुलुपात ठेवते. किल्ली माझ्या पर्समध्ये. दुसरी किल्ली मोठ्या सरांकडे, कारण मुख्याध्यापकांकडे सगळ्याच्या किल्ल्या असतात, अक्कल सोडून.

हो, त्यांनीच नेली. तपासणीला अधिकारी येणार, त्यांच्या स्वागताची अक्षरं कापायची होती. मी जाब विचारायला गेले तर म्हणाले, "कात्री ती कात्रीच ना हो मॅडम?"

मी म्हटलं, "सर, तुमच्या चष्म्याची काच मी खिडकीला बसवू का? काच ती काचच."

हसले. माणूस हसला की भांडण तिथेच बुडतं.

मी गृहविज्ञान शिकवते. स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, घरखर्च. माझ्यामागे या विषयाला 'भांडीकुंडी' म्हणतात. गणितात ज्याचं जमत नाही त्याला माझ्याकडे पाठवतात, जणू बिनगणिताची घरं कुठेतरी सुखाने नांदतायत. घरी येऊन ह्यांना कात्रीचं सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मग नवी घे."

या माणसाबरोबर मला म्हातारं व्हायचंय.

गुरुवार, ९ जानेवारी

शेवटच्या वर्गाचा घर-आठवडा सुरू झाला. दोघादोघांचं एक घर, चिठ्ठ्या टाकून. प्रत्येक घराला एक पिठाची पिशवी. ते बाळ. आठवडाभर ते सांभाळायचं, एकटं सोडायचं नाही, ते कडेवर असतानाच स्वयंपाक, धुणं, खर्च सगळं बघायचं. पिशवी फाटली की संसार फाटला.

वर्गात एक मुलगा आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. आईने 'जेव' म्हटलं तरी हा कलम विचारत असणार. त्याची चिठ्ठी मुंगीबरोबर निघाली. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, सतत काहीतरी उचलून चाललेली. नाव वर्गानेच पाडलंय, आणि हाकेला ती ओ देते.

वकील उभा राहिला. "बाई, हे बाळ रडत नाही. मग त्याला भूक लागली हे सिद्ध कसं करायचं?"

"तुला लागते तेव्हा तू सिद्ध करतोस का?"

"मी बोलतो ना, बाई."

"ते गावाला माहीत आहे. बस खाली."

बाकीची घरं पहिल्याच तासात मोडकळीला आली. एका जोडप्याने बाळ खिडकीत ठेवलं, एकाने बाळावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. मुंगीने मात्र पिशवी डाव्या कमरेवर घेतली, उजव्या हाताने सूप ढवळलं, आणि पातेलं उतरवताना कुणी न सांगता कमर शेगडीपासून लांब वळवली. पिशवी टेबलावर ठेवताना तिने मागे हाताचा आधार दिला. पिठाच्या पिशवीला मान नसते. पण तिने दिला.

काही मुलांना उपजतच असतं. इतक्या वर्षांत असं क्वचित पाहिलंय.

बुधवार, १५ जानेवारी

घर-आठवड्याची शेवटची तपासणी. मुंगी उभ्याउभ्या पेंगत होती. पिशवी खांद्यावर, डोळे मिटलेले आणि अंग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे डुलतंय. वर्ग खीखी हसायला लागला.

मी म्हटलं, "रात्रभर मोबाईल बघायचा आणि माझ्या तासाला झोप काढायची! बाळ झोपलंय, आई झोपल्ये, आता बाबांनाही झोपवा."

वकील म्हणाला, "बाई, मी जागा आहे. माझं घर तीच चालवते, मला नुसतं बघायचं असतं."

"शाबास. नवरा म्हणून तुझं शिक्षण पूर्ण झालं."

मुंगीही हसली. डोळे चोळले आणि म्हणाली, "सॉरी, बाई." पोरगी गुणी आहे, पण या वयात शिस्त लागायला हवी.

गुण दिले. मी पैकीच्या पैकी कधी देत नाही. पूर्ण गुण मिळालेला विद्यार्थी दुसऱ्या दिवसापासून ऐकायचा बंद होतो असा माझा अनुभव आहे. मुंगीला दिले. एक गुण कापायला जागा शोधली, सापडली नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पालकसभा. माझ्या टेबलाकडे पालक येत नाहीत. गणिताच्या टेबलाशी रांग, विज्ञानाशी रांग, माझ्याकडे येतात ते पंखा बरा आहे म्हणून. आज मात्र एक गृहस्थ सरळ माझ्याकडे आले. कामाचे कपडे, हाताला ग्रीसचा वास, नखं मात्र घासून स्वच्छ. मुंगीचे वडील. लिफ्ट दुरुस्त करतात. शाळेत पहिल्यांदाच आलेले.

"मॅडम, तुमच्या विषयात पोरगी कशी आहे, तेवढंच विचारायचं होतं."

एरवी पालकांपुढे माझ्या तोंडून स्तुती निघायची म्हणजे चिमट्याने काढावी लागते. पण आज मन भरून बोलले. म्हटलं, "अहो, अख्खं घर डोळे मिटून तिच्यावर टाका. बाळ द्या, स्वयंपाक द्या, पैसे द्या. तुम्हाला मागे वळून बघायला लागणार नाही."

ते नीट ऐकत होते. पालक असं ऐकत नाहीत, मान हलवतात आणि घड्याळ बघतात. त्यांनी विचारलं, "लहान मूल? खरंच जमेल तिला?"

"तिला? तिला मीच मूल सांभाळायला देईन."

"म्हणजे शिकवायचं असं काही उरलं नाही म्हणा."

"उरलंय ते मीच तिच्याकडून शिकायचं," मी म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे भूगोलाचे सर हसले. माझं वाक्य मलाही आवडलं.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. मग म्हणाले, "फार मोठं काम केलंत मॅडम. डोक्यावरचं ओझं उतरवलंत."

घरी येऊन ह्यांना सांगितलं की आज एका बापाला माझ्या विषयाची किंमत कळली. हे म्हणाले, "लिहून ठेव, पुन्हा व्हायचं नाही."

लिहून ठेवलं.

मंगळवार, २१ जानेवारी

मुंगी काल आली नाही, आज नाही. सर्दीतापाची साथ आहे, अर्धा वर्ग शिंकतोय. घर-आठवडा संपला तरी वकिलाने पिशवी परत केलेली नाही. मांडीवर घेऊन बसला होता.

"काय रे, घटस्फोट झाला का?"

आज त्याने युक्तिवाद केला नाही. म्हणाला, "बाई, ती आता येणार नाही म्हणाली."

"बरी झाली की येईल. पिशवी कपाटात ठेव."

"ती आजारी नाहीये, बाई."

"तू डॉक्टरही झालास का?"

आज ओट्याच्या नळाचा वायसर गेला. शिपायाला सांगून सांगून जीभ झिजली.

शुक्रवार, २४ जानेवारी

मोठ्या सरांनी बोलावलं. मला वाटलं नळाचं.

"मॅडम, तुमचा विषय तर भलताच परिणामकारक निघाला," म्हणाले. मुंगीचे वडील येऊन तिचं नाव काढून गेले. आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळलेली, पाठीचं मोठं ऑपरेशन झालंय. बाळ आता रांगायला लागलंय. मावशी राहायला होती, ती तिच्या घरी निघाली. जाताना म्हणाली होती की बाळाला वर्षभर माझ्याकडे द्या, मोठीची परीक्षा होऊ दे. बापाचं ठरत नव्हतं. म्हणून शाळेत विचारायला आला होता.

"मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आली आहे, जरा थांबा. तर मला म्हणतो, मॅडमनीच सांगितलं की ती तयार झाली, शिकायचं काही उरलं नाही." सर खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या शब्दाला एवढा मान आहे बाहेर. आमच्याला नाही."

मी म्हटलं, "ते मी गुणांबद्दल बोलले होते!"

"तो घराबद्दल विचारत होता."

खोलीबाहेर आले. व्हरांड्यात मुलं धावत होती, नेहमीसारखीच. पेंगणं, कमरेवरची पिशवी, मानेमागचा हात. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मी त्याला गुण देत बसले. मोबाईल बघते म्हणे.

वर्गात जाऊन भांडी मोजली. एक उलथनं कमी आहे, त्यावरून मुलांना उभं केलं. त्यांची काही चूक नव्हती.

शनिवार, २५ जानेवारी

मुंगीच्या घरी गेले. पत्ता वकिलाने दिला. जिन्यात भिंतीला सायकली टेकवलेल्या, अंग चोरून वर चढावं लागतं. मला वाटलं होतं पसारा असेल, रडारड असेल, मग माझं काम सोपं झालं असतं.

दोन खोल्या लखलखीत. दोरीवर पांढरे कपडे एकीकडे, रंगीत एकीकडे. ओट्यावर पुसायचं फडकं वेगळं, हात पुसायचं वेगळं. फ्रीज उघडला तर शिजवलेलं वर, कच्चं खाली, डब्यावर तारखेची चिठ्ठी. माझं अख्खं पाठ्यपुस्तक तिथे नांदत होतं. प्रकरणवार.

बाळ मुंगीच्या कमरेवर होतं. डाव्या.

"बाई, बसा ना. चहा टाकते." तिने चहा केला, बाळाचा हात कपापासून लांब धरला आणि कपाची कडी माझ्याकडे वळवून ठेवली. तेही मीच शिकवलंय.

आतल्या खोलीत आई पडून होती. म्हणाली, "मॅडम, ही नसती तर आमचं काय झालं असतं!"

वडील पुढच्या खोलीत जेवत होते. मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं, बसा. मग जे बोलायला आले होते ते बोलले. परीक्षा, वर्ष, पोरीचं आयुष्य, सगळं. ते ऐकत होते, त्या दिवशीसारखंच नीट.

"मॅडम, मी काय पोरीचा वैरी आहे का? लिफ्ट बंद पडली की आत माणसं अडकतात. फोन आला की मला निघावं लागतं, घरात कोण आहे ते बघत बसता येत नाही. बाळाला मावशीकडे पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, तेव्हा हिंमत झाली. मावशीला नको म्हणून कळवलं."

"मग पुन्हा हो म्हणून कळवा."

"तिने नोकरी धरली. आता कुठल्या तोंडाने सांगू, नोकरी सोड म्हणून?"

"पण मी तुम्हाला तिच्या मार्कांचं सांगत होते."

त्यांनी घास खाली ठेवला. "मार्क खोटे होते का?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी आयुष्यभर लोकांना टाकून बोलत आले, कुणी मनावर घेतलं नाही. एकदाच गोड बोलले.

"पुढच्या वर्षी बसेल परीक्षेला," ते म्हणाले. पुढचं वर्ष म्हणजे काय असतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मुंगी बाळाच्या तोंडाला लागलेली लाळ पुसत होती.

बुधवार, २९ जानेवारी

जिथे जिथे डोकं आपटता येईल तिथे आपटून झालं.

मोठे सर: "वय भरलंय तिचं. कायद्याचं काम संपलं, पुढे पालकांची मर्जी."

म्हटलं, बाळाला घेऊन शाळेत येऊ द्या. माझ्या वर्गात पाळणा ठेवते, बालसंगोपन शिकवतेच आहे मी, पिठाच्या पिशवीऐवजी खरंच बाळ राहील. सर घाबरले. "मॅडम, त्याला काही झालं तर? जबाबदारी कुणाची?" खरं आहे. पिशवीची जबाबदारी कुणावरच नसते.

महिला-बालकल्याणच्या कचेरीतल्या बाई भल्या होत्या. मला पाणी दिलं. विचारलं, "मारहाण?" नाही. "उपासमार?" नाही. "घर अस्वच्छ?" मी पाण्याचा घोट घेतला. "मग मॅडम, आम्ही जाऊन करू काय? हे तर चांगलं घर आहे." आणि वर म्हणाल्या, "मुलगी फारच तयार दिसते. कुणी शिकवलं?"

वकील तासाला गप्प बसतो. आज मीच त्याला डिवचलं, "काय वकीलसाहेब, काही मुद्दा?" तर म्हणाला, "बाई, तुम्ही तिला नापास करा ना. मग तिला परत यावं लागेल."

मुलं हसली. मी त्यांना गप्प केलं आणि मग दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

ह्यांना विचारलं. पेपर खाली ठेवला, म्हणजे विषय गंभीर आहे हे त्यांनाही कळलं. "तू बोलायचं ते बोललीस, करायचं ते केलंस. आता काय करणार आहेस?"

"खोटं बोलणार आहे."

"तुला जमणार नाही," म्हणाले. "तू खोटं बोलायला लागलीस की तुझं नाक लाल होतं."

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर गेले. वाटेत वाक्यं पाठ करत होते. वडील नुकतेच कामावरून आले होते, हात धूत होते. मी बसलेसुद्धा नाही.

म्हटलं, "त्या दिवशी माझी चूक झाली. मी मार्क फुगवून दिले होते. तपासणी होती ना, निकाल चांगला दाखवायचा होता. खरं सांगायचं तर तुमच्या मुलीला काही येत नाही. स्वयंपाक कच्चा, शिवण वाकडी, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर… धोकाच आहे. तिला आणखी शिकावं लागेल. निदान परीक्षेपर्यंत."

त्याच खोलीच्या कोपऱ्यात मुंगी बाळाला अंघोळ घालत होती. टबात आधी गार पाणी, मग गरम, मग कोपर बुडवून पाहिलं. एका हाताने मानेला आधार, दुसऱ्याने साबण, काखेत, गळ्याच्या घडीत, बोटांच्या मधे. बाळ पाणी उडवत होतं. टॉवेल आधीच मांडीवर पसरलेला, पावडर उजव्या हाताला. एकदाही उठावं लागलं नाही तिला.

वडील बघत होते. मीही बघत होते. दुसरीकडे कुठे बघणार?

ते हसायला लागले. चिडून नाही, अगदी मायेने. "मॅडम, तुमचं मन फार चांगलं आहे हो."

माझं नाक गरम झालेलं मला कळत होतं.

मुंगी जिन्यापर्यंत सोडायला आली. बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, केसांना ओला वास. मला वाटलं आता रडेल, किंवा रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, मघाशी तुम्ही शिवण वाकडी म्हणालात. खरंच आहे का?"

"नाही गं."

"मग ठीक." बाळाचा टॉवेल सारखा केला आणि म्हणाली, "पण चेन लावायची राहिली ना आपली? पालकसभेमुळे त्या शनिवारचा तास बुडला. तुम्ही म्हणाला होतात, नंतर घेईन."

"वर्गाला घेतला मी. गेल्या आठवड्यात."

"हां," म्हणाली. "मला राहिली."

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी गेले. ह्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर विचारलं असतं की त्याने काय होणार. काही होणार नाही. उलट तिच्या घरातलं एक काम आणखी घरातच होईल, शिंप्याकडे जाणार नाही, आणि बाप म्हणेल बघा, चेनही लावते. हे सगळं जिना चढतानाच कळत होतं.

बाळ झोपलं होतं. आई झोपली होती. वडिलांना कुठूनतरी बोलावणं आलेलं. त्यांच्या कामाच्या जॅकेटची चेन गेली होती, तेच घेतलं. मशीन नाही, म्हणून हाताने. जेवायच्या टेबलावर फडकं अंथरलं. मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले, ती वर्गात बसते तशी बसली. जुनी चेन उसवणं, दोरे वेचणं, आधी कच्चे टाके, दात शिवणीपासून किती लांब, मग उलटी टीप. बोलले ते एवढंच. मोठे सर, परीक्षा, मावशी, यातलं काहीही काढलं नाही. तिनेही नाही. एकदाच म्हणाली, "बाई, चेनच्या टोकाशी जाड होतं तिथे सुई अडते." मधल्या बोटाला शिवणाचं टोपण, अंगुस्तान, कसं घालायचं ते दाखवलं.

बाळ एकदा हललं. तिचा पाय आपसूक पाळण्याकडे गेला, झोका दिला, हात थांबले नाहीत.

झाल्यावर तिने जॅकेट माझ्यापुढे केलं. मी चेन वरखाली केली. लोण्यासारखी चालली. आतली बाजू पाहिली, टाके एकसारखे, जणू मोजून घातलेले.

मी जॅकेट डोळ्यांजवळ नेलं, भिंगातून बघावं तसं बराच वेळ बघितलं.

"डावी बाजू," मी म्हटलं. "मधे एक टाका वाकडा आहे."

"कुठे, बाई?"

"इथे. दिसत नाही तुला? उसव. अख्खी बाजू. पुन्हा घाल."

तिने शोधलं. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या नाकाकडे, आणि कात्री घेतली. एकेक टाका सावकाश उसवायला लागली, घाई न करता, जिभेचं टोक ओठाबाहेर, तासाला बसायची तशी.

मी दुसरी खुर्ची ओढून बसले आणि दोरा ओवून ठेवला.